सध्या आपण काय वाचत आहात?

प्रश्न: सोलापूरच्या उन्हात दुपारी बाहेर पडणे नकोसे झाल्याने मी विश्राम बेडेकरांची १९३९ सालची ‘रणांगण’ ही कादंबरी पुन्हा हाती घेतली आहे. आपण काय वाचत आहात?

उत्तर १: आमच्या घरी ‘पर्व’ ही महाभारतावरील कादंबरी दोन भाषांत चालू आहे. आई भैरप्पांचे मूळ कन्नड वाचते आणि मी उमा कुलकर्णी यांचा मराठी अनुवाद. महाभारतातील चमत्कार बाजूला सारून त्यातील थकलेली, मत्सराने पोळलेली माणसे लेखकाने इतक्या धीराने उभी केली आहेत की, आमची रात्रीची जेवणे वादात लांबतात. (द्रौपदीवर अजून एकमत नाही.)

उत्तर २: ‘रणांगण’ छोटी असली तरी घाईने वाचू नये. बोटीवरील प्रेमकथेपेक्षा मला त्यातील ज्यू निर्वासितांची वाताहत अधिक अस्वस्थ करते.

प्रश्नकर्ता: सहमत आहे. यानंतर ‘पर्व’ घेईन.