आधार कार्डाचा फोटो अनोळखी साइटवर कशाला?

आयफोनचा कॅमेरा फोटो एचईआयसी नावाच्या प्रकारात ठेवतो. ते सगळीकडे चालणाऱ्या जेपीजीत बदलायला बरेच जण फुकट साइट सुचवतात, पण त्यातल्या बहुतेकांत फोटो आधी त्यांच्या सर्व्हरवर जातो. लोकेशन चालू असेल तर फोटोत दडलेला घरचा ठावठिकाणाही सोबत जातो. मागच्या आठवड्यात नागपुरात सीताबर्डीला पुतणीचा फॉर्म भरताना सायबर कॅफेवाला तिचं आधार कार्ड असंच चढवायला निघाला होता. मी हात धरून थांबवलं. अहो, आयफोनमध्येच होतं हे! फोटो 'फाइल्स'मध्ये सेव्ह करा, त्यावर बोट दाबून धरा, 'क्विक ॲक्शन्स', 'कन्व्हर्ट इमेज', मग जेपीईजी (म्हणजेच जेपीजी). आयओएस १६ पासून ही सोय आहे, नेटही लागत नाही. पुढचे फोटो थेट जेपीजीतच हवे असतील तर सेटिंग्जमध्ये कॅमेरा, फॉरमॅट्स, 'मोस्ट कम्पॅटिबल'. जागा जास्त खातात, पण कागदपत्रांसाठी मी तेच ठेवलंय.