कलेने विज्ञानाला खरोखर काही दिले का?

मूळ मत
कला आणि विज्ञान यांच्या देवाणघेवाणीचा विषय निघाला की बहुतेक जण लिओनार्दोचे नाव घेऊन थांबतात. मला गॅलिलिओचे उदाहरण अधिक ठोस वाटते. १६०९ च्या उन्हाळ्यात थॉमस हॅरियटने इंग्लंडमध्ये दुर्बिणीतून चंद्र पाहिला आणि उजेड व अंधार यांच्यातील सीमारेषा वेडीवाकडी रेखाटली. पण ती तशी का दिसते, हे त्याने सांगितले नाही. त्याच वर्षअखेरीस गॅलिलिओने ती रेषा पाहिली, अंधाऱ्या बाजूला सुटे चमकणारे ठिपकेही पाहिले आणि खालची जमीन काळोखात असताना उंच शिखरांवर आधी पोहोचलेले ते ऊन आहे, असा निष्कर्ष काढला. गॅलिलिओची चित्रकलेशी चांगली ओळख होती. छाया देऊन सपाट कागदावर उठाव कसा आणतात हे ज्याला कळते, त्याला छायेवरून उठाव ओळखणे सोपे जाते.

प्रतिसाद १
असहमत. हॅरियटची दुर्बीण सहापट मोठे दाखवणारी होती, तर गॅलिलिओची सुमारे वीसपट. हा फरक भिंगांचा आहे, कुंचल्याचा नव्हे. लिओनार्दोची शरीररचनेची चित्रे तर त्याच्या मृत्यूनंतर (१५१९) शतकानुशतके अप्रकाशितच राहिली. जे कोणी वाचलेच नाही, त्याने विज्ञानावर प्रभाव कसा टाकला? उलट दिशेचा पुरावा मात्र हवा तितका आहे: १८४१ मध्ये रंगांसाठी धातूच्या नळ्या आल्या आणि चित्रकारांना उघड्यावर बसून तैलरंगांत काम करणे सोपे झाले.

प्रतिसाद २
लिओनार्दोबाबतचा आक्षेप मान्य. मात्र गॅलिलिओचे पुस्तक १६१० च्या मार्चमध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर हॅरियटच्या रेखाटनांतही विवरे दिसू लागतात, याचा विचार व्हावा. तोवर त्याच्या दुर्बिणीही सुधारल्या होत्या हे खरे, पण काय पाहायचे हे त्या सांगत नाहीत.
फ्रेंच रसायनतज्ज्ञ शेव्हरलचे उदाहरण तर थेट कारखान्यातले आहे. पॅरिसच्या गोब्लँ येथील चित्रजवनिकांच्या (विणून काढलेल्या भिंतचित्रांच्या) कारखान्यात तो रंगाईचा प्रमुख होता. निळ्या-जांभळ्या वस्त्रांच्या छटांसाठी वापरलेला काळा रंग फिका पडतो, अशी तक्रार आली. त्याने इतर ठिकाणचे काळे धागे आणून ताडून पाहिले, तर रंगात खोट नव्हतीच. शेजारच्या रंगामुळे डोळ्यालाच तो निस्तेज भासत होता. त्यातून १८३९ चा त्याचा रंगविरोधावरील ग्रंथ आला आणि पुढे चित्रकार जॉर्ज सरा याने त्याच विचारावर ठिपक्यांची चित्रे उभारली. ही देवाणघेवाण एकतर्फी कशी म्हणता येईल?

प्रतिसाद १ (पुन्हा)
कारखान्याने प्रश्न दिला, उत्तर रसायनतज्ज्ञाने शोधले. अशी तक्रार साध्या कापडगिरणीतूनही येऊ शकली असती. तिला कलेचे योगदान म्हणणे मला ताणलेले वाटते.

मूळ मत मांडणाऱ्याचे उत्तर
मग चेतासंस्थेचा अभ्यास करणाऱ्या स्पॅनिश शास्त्रज्ञ काहालकडे पाहावे. सूक्ष्मदर्शकाखाली दिसाव्यात म्हणून चेतापेशी रंगवण्याची पद्धत इटालियन शास्त्रज्ञ गोल्जीची, १८७३ ची. तीच वापरून गोल्जीला चेतासंस्थेत एकमेकांना जोडलेले अखंड जाळे दिसले आणि लहानपणी चित्रकार होऊ पाहणाऱ्या काहालला सुट्या पेशी. १९०६ चे नोबेल दोघांना विभागून मिळाले, पण टिकले ते काहालचे मत.

प्रतिसाद ३
या युक्तिवादात एक अडचण आहे. गोल्जीची स्वतःची रेखाटनेही अत्यंत सफाईदार आहेत, आणि नोबेलच्या व्याख्यानातही त्याने जाळ्याचाच पुरस्कार केला. शिवाय काहालने गोल्जीच्या पद्धतीत सुधारणा केल्या होत्या आणि पेशी सुट्या दिसाव्यात म्हणून गर्भावस्थेतील ऊतींवर काम केले होते. त्यामुळे श्रेय चित्रकाराच्या नजरेला द्यायचे की नमुन्याच्या निवडीला, हे आधी ठरवावे लागेल. माझा कल दुसऱ्याकडे आहे.