जळगावहून माग्डेबुर्ग: थंडीचे कपडे इथून न्यावेत की तिथे घ्यावेत? (बजेट 15 हजार)

तापीकाठचा
नमस्कार मंडळी. जर्मनीत माग्डेबुर्गच्या विद्यापीठात मास्टर्सला प्रवेश मिळालाय, व्हिसाही आला. 2 ऑक्टोबर 2026 ला दुपारी बर्लिनला उतरून रेल्वेने संध्याकाळपर्यंत माग्डेबुर्गला पोचेन. हॉस्टेलची खोली नक्की झालीय. पलंग, गादी, टेबल, कपाट आहे. उशी-पांघरूण मात्र आपलं आपण आणायचं.

मी जन्मभर जळगावात राहिलोय. मे महिन्यातले 45 अंश अंगवळणी पडलेत, थंडीचा अनुभव जवळपास नाही. विचारायचंय ते असं:
1. जॅकेट, बूट, थर्मल इथून न्यावेत का? सगळं मिळून 15 हजार आहेत, त्यावर एक रुपया नाही. शैक्षणिक कर्ज काढलंय.
2. कुकर न्यावा का?
3. आजीने गोधडी शिवलीय, वजन साडेतीन किलो. चेक-इनला एकूण 30 किलो मिळतात. न्यावी का?

विनिपेगकर
अभिनंदन भावा! थंडीच्या बाबतीत माझं ऐक. आमच्याकडे कॅनडात जानेवारीत उणे 30 ही साधी गोष्ट आहे, रात्री गाड्यांची इंजिनं विजेवर गरम ठेवावी लागतात. जॅकेटला पैसे बघू नकोस. मी इथे पिसांचा पार्का घेतला, भारतीय रुपयांत साठ हजारांच्या वर गेला, पण इतकी वर्षं झाली तरी नवा दिसतो. खाली बर्फाचे बूट घे, उणे 40 चे. एकदाच घ्यायचं आणि चांगलं घ्यायचं.

कोथरूडची मावशी
बाळा, खूप खूप अभिनंदन. माझी मुलगी म्युनिकला आहे, त्यामुळे मला सगळं माहीत आहे. थर्मलचे चार जोड, लोकरीचे मोजे, कानटोपी, मफलर, दोन स्वेटर इथूनच घे. कुकर नेच, तीन लिटरचा. तिथे मिळणारे कुकर महाग आणि शिट्टी न होणारे. साजूक तूप दोन किलो घट्ट पॅक करून दे म्हणावं आईला. गोधडी नको, जागा खाते. त्यापेक्षा भाजणी, मेतकूट, काळा मसाला ने.

लाइपझिगवासी
मावशी, तूप नको. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दूध आणि मांसाचे पदार्थ आणायला बंदी आहे. तूप, पेढे, चक्का, खव्याचं काहीही त्यात येतं. तपासणीत सापडलं तर काढून घेतात. कोरडे मसाले, डाळी, पिठं चालतात. ताजा कढीपत्ता नेऊ नकोस, झाडपाल्याला आणि बहुतेक फळांना प्रमाणपत्र लागतं. केळ्यांना लागत नाही, जळगावकराला हे सांगायला बरं वाटतंय.

आता थंडी. विनिपेग विसर. माग्डेबुर्गला जानेवारीत तापमान बहुतेक शून्याच्या आसपास असतं. लाट आली तर रात्री उणे 10, तीही थोडे दिवस. हार्त्झ डोंगरांच्या आडोशाला असल्याने तिथे पाऊसही जर्मनीच्या मानाने कमी, वर्षाला साधारण 500 मिलिमीटर. जळगावात याहून जास्त पडतो. फरक इतकाच की तुमच्याकडचा चार महिन्यांत कोसळून मोकळा होतो, इथला बारा महिने भुरभुरतो. वर एल्बे नदीकाठचा वारा. त्यामुळे वारा अडवणारं आणि पाणी न झिरपणारं, टोपीचं जॅकेट हवं. आत एक थर्मल, एक फ्लीस (मऊ, उबदार कापडाचा थर). ट्राम आणि वर्ग दोन्ही गरम असतात, आत शिरल्यावर काढता आलं पाहिजे. साठ हजारांचा पार्का घालून ट्राममध्ये बसलास तर घामाने भिजशील आणि मग बाहेर गारठशील.

थर्मल, मोजे, फ्लीस भारतातून घे, चार-पाच हजारांत होतं. जॅकेट आणि बूट इथे. ऑक्टोबरात पातळ जॅकेटवर निभतं.

विनिपेगकर
पिसांच्या जॅकेटला तोड नाही, हे मी अनुभवाने सांगतोय. थंडी ती थंडी.

लाइपझिगवासी
पिसं ओली झाली की दबतात आणि ऊब जाते. तुमच्याकडे कोरडा बर्फ, आमच्याकडे एक-दोन अंशांवर रिमझिम. दोन्हीला एकच माप लागू होत नाही.

पुणे३०
मीही हेच सांगणार होतो, थर घाला. एक जाड नको, तीन पातळ. माझा भाऊ डॉर्टमुंडला आहे, तोही हेच म्हणतो. पुण्यातल्या डिकॅथलॉनमध्ये सगळं मिळतं.

स्टुटगार्टचा जुना रहिवासी
कपड्यांवर एवढी चर्चा चालली आहे, खोलीबद्दल कोणी बोलत नाही. मी इथे मराठी मंडळात नव्या मुलांना मदत करतो. दरवर्षी तीच तक्रार कानावर येते: खोली सोडताना भिंतीवर बुरशी सापडली आणि अनामत रकमेतून पैसे कापले. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आपल्याकडची मुलं थंडी वाजते म्हणून खिडकी पंधरा-पंधरा दिवस उघडत नाहीत. त्याच खोलीत भात शिजतो, आंघोळीची वाफ येते, ओले कपडे वाळत घातले जातात. घरं इथे इतकी घट्ट बांधलेली असतात की ही वाफ कुठेच जात नाही. ती सगळ्यात गार जागा शोधते: खिडकीची काच, बाहेरच्या भिंतीचा कोपरा, कपाटामागची भिंत. तिथे पाणी सुटतं आणि काही आठवड्यांत काळे ठिपके दिसू लागतात. कपाट ओढून पाहिल्याशिवाय कळतही नाही.

उपाय फुकटचा आहे. दिवसातून दोन-तीनदा खिडकी सताड उघडायची, पाच ते दहा मिनिटं, तेवढ्यापुरता हीटर बंद. बाहेरची थंड हवा कितीही दमट वाटली तरी तिच्यात पाण्याचा अंश कमी असतो. ती आत येऊन तापली की कोरडी होते. इथल्या खिडक्या वरून तिरक्या उघडतात. तशी तिरकी ठेवून दिवसभर बाहेर जाणं सर्वांत वाईट: हवा पुरती बदलत नाही आणि भिंत मात्र गार पडते. कपाट बाहेरच्या भिंतीला चिकटवू नकोस, चार बोटं जागा सोड. हीटरच्या खटक्यावर 1 ते 5 आकडे असतात. 3 म्हणजे साधारण 20 अंश. 5 वर फिरवल्याने खोली लवकर तापत नाही, फक्त जास्त तापते.

कोथरूडची मावशी
माझी मुलगीही खिडकी उघडते, व्हिडिओ कॉलवर मला तिची काळजी वाटते. सर्दी होईल ना अशाने!

खानदेश एक्सप्रेस
भाऊ, भुसावळचा आहे मी, आता माग्डेबुर्गलाच आहे. तिसरं सत्र. कुकरचं आधी सांगतो. आमच्या हॉस्टेलला काचेच्या सपाट शेगड्या आहेत, इंडक्शन नाहीत. त्यावर अ‍ॅल्युमिनियमचा चालतो, पण बूड एकदम सपाट पाहिजे. पुढे खोली बदलली आणि इंडक्शन निघालं तर तो पडून राहील. म्हणून स्टीलचा, इंडक्शनवर चालणारा आण, तो दोन्हीकडे चालतो. दोन गोल पिनांचा चार्जर इथल्या सॉकेटात बसतो, तीन पिनांचा बसत नाही. व्होल्टेज आपल्यासारखंच 230 आहे.

फोडणीला मात्र जपून. आमच्या मजल्यावर एकाने लाल मिरचीचा ठेचा भाजला, धुराचा अलार्म वाजला आणि सगळी बिल्डिंग रात्री अकराला खाली उभी. आधी खिडकी उघडायची, मग तेल तापवायचं.

आणि कोणी बोललं नाही ते बोलतो. थंडी सोसते भो, अंधार सोसत नाही. डिसेंबरात सव्वाआठला उजाडतं आणि चारला मावळतं, तेही ढगांमागे. 25 ऑक्टोबरला घड्याळ एक तास मागे जाईल, त्या आठवड्यात एकदम जाणवतं: चारला सुरू झालेलं लेक्चर सुटलं की बाहेर मिट्ट रात्र. झोप वाढते, जेवण कोणत्याही वेळी होतं, घरी फोन केला की उगाच रडू येतं. घरी साडेचार तास पुढे असतं, तू मोकळा होईपर्यंत आई झोपलेली.

मला जे उपयोगी पडलं ते सांगतो. दुपारी बारा-एकला, ढग असले तरी, अर्धा तास बाहेर चालायचं. मेन्झाला, म्हणजे विद्यापीठाच्या खानावळीत, जेवायला लांबच्या रस्त्याने जायचं. खोलीत अभ्यास न करता लायब्ररीत बसायचं, चार माणसं दिसतात. ड जीवनसत्त्वाच्या गोळ्या इथे औषधी दुकानात स्वस्त मिळतात, पण निघण्याआधी तिकडेच रक्त तपासून डॉक्टरांना विचारून घे, आपल्यातल्या बऱ्याच जणांचं आधीच कमी असतं. विद्यापीठाच्या खेळांच्या क्लासला सुरुवातीलाच नाव घाल, मी बॅडमिंटन घेतलं. आणि बरं वाटत नाही असं लांबलं तर विद्यार्थ्यांसाठी समुपदेशन असतं, तिथे जायला लाजायचं नाही. जूनमध्ये साडेनऊपर्यंत उजेड असतो, तेव्हा एल्बेच्या काठी बसून हेच शहर आवडायला लागतं.

पुणे३०
व्हिटॅमिन डी महत्त्वाचं आहे. भाऊसुद्धा घेतो.

विनिपेगकर
विनिपेगला थंडी जास्त, पण ऊन कडक पडतं हो हिवाळ्यात. अंधाराच्या बाबतीत तुम्ही लोक जास्त सोसता, मान्य.

सासुरवाशीण ब्रेमेन
कपडे नवीनच का घ्यायचे? वापरलेल्या वस्तूंच्या जर्मन संकेतस्थळांवर वीस-तीस युरोत उत्तम जॅकेट मिळतं. शिकून परत जाणारी मुलं तर सायकल, भांडी, उशा सगळंच विकतात. बुटांचा तळ मात्र पाहून घ्या, पाऊस पडून रात्रीत गोठला की रस्त्यावर काचेसारखा थर येतो आणि गुळगुळीत तळ सटकतो.

शिवाय कागदपत्रं: राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते, घरमालकाच्या सहीचा कागद त्यासाठी लागतो. नंतर रेडिओ-टीव्ही शुल्काचं पत्र येतं, महिन्याला 18.36 युरो, घरात टीव्ही नसला तरी. ते पत्र फसवं समजून फेकू नये. एका घरात चौघं राहत असाल तर चौघांत मिळून एकदाच भरायचं असतं.

स्टुटगार्टचा जुना रहिवासी
हे शुल्क अन्यायकारक आहे असं माझं स्पष्ट मत आहे. मी टीव्ही बघत नाही.

सासुरवाशीण ब्रेमेन
रेडिओ तर ऐकता ना? बातम्या, नाटकं, मैफली सगळं त्यातूनच चालतं. मला पटतं ते.

खानदेश एक्सप्रेस
अरे थांबा, तारीख आत्ता नीट वाचली. तू 2 ऑक्टोबरला येतोयस, शुक्रवारी. 3 ऑक्टोबर म्हणजे जर्मन एकीकरणाचा दिवस, सगळ्या देशाला सुट्टी. 4 ला रविवार. दोन्ही दिवस दुकानं बंद. शुक्रवारी रात्री दुकान मिटायच्या आत पोचला नाहीस तर सोमवारपर्यंत ना उशी मिळेल ना दूध. फक्त स्टेशनातली दुकानं उघडी असतात, तीही महाग.

लाइपझिगवासी
बरोबर पकडलंत, मीही तारीख नजरेआड केली. गाडीला उशीर धरूनच चाल. दोन दिवसांचं खाणं हातातल्या पिशवीत ठेव.

तापीकाठचा
सगळ्यांचे मनापासून आभार. आज घरी बसून यादी केली, ठरलेलं लिहितो.

गोधडी नेतोय. इथे ज्यांनी विषय काढला त्यांनी नको म्हटलं, विनिपेगकर दादांनी तर निरोप पाठवून बजावलं, पण हिशेब साधा आहे. पहिले तीन दिवस अंगावर घ्यायला काहीच मिळणार नाही. 30 किलोंत साडेतीन गेले तर पुस्तकं कमी करेन, ती लायब्ररीत आहेत.

जॅकेटही इथूनच घेतोय, तेही सल्ल्याविरुद्ध. जळगावात ओळखीच्या दुकानात वारा अडवणारं, टोपीचं, पाणी न झिरपणारं 4,200 ला मिळालं, आत फ्लीस सुटी होते. बाबांनी बाटलीभर पाणी ओतून पाहिलं, आत थेंब गेला नाही. तिथे पोचल्या पोचल्या युरोत खर्च करायला माझ्या जिवावर येतं, आणि पहिल्या महिन्याचे पैसे खात्यात कधी पडतील याचा भरवसा नाही. बूट मात्र तिथे घेईन, तळ पाहून. थर्मल दोन, मोजे सहा जोड. सगळं धरून 9 हजारांत बसतंय, उरलेले बुटांसाठी.

कुकर स्टीलचा, तीन लिटरचा. तुपाचा डबा बाहेर काढला, आई नाराज आहे. दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी हातातल्या पिशवीत, दशम्या दुधाऐवजी गुळाच्या पाण्यात भिजवायला सांगितल्यात. रक्ताची तपासणी उद्या सकाळी.

खानदेश एक्सप्रेस, खिडकीचा मुद्दा आमच्या हॉस्टेललाही लागू आहे का? आणि बॅडमिंटनची नोंदणी कधी सुरू होते?

खानदेश एक्सप्रेस
खिडकी शंभर टक्के, तुझी खोली उत्तरेकडे असली तर जास्तच. नोंदणी सत्राच्या सुरुवातीला उघडते आणि जागा पटकन भरतात, विद्यापीठाच्या क्रीडा विभागाचं पान आल्या दिवसापासून बघत राहा. रॅकेट घेऊन ये, वजन काही नसतं. शुक्रवारी गाडीचा नंबर कळव, मी स्टेशनला येतो. माझ्याकडे जादा उशी आहे.

कोथरूडची मावशी
जॅकेट चांगलं वाटतंय. पण कानटोपी विसरू नकोस, कोणीच तिचं नाव घेतलं नाही. आणि मेतकूट राहिलंच की यादीत.