घरातल्या खुणा पुरतात का? (भाऊ कर्णबधिर, आम्ही सगळे ऐकणारे)

वेंगुर्ल्याची_माहेरवाशीण:
यंदा गणपतीत घरी गेले तेव्हापासून डोक्यात आहे म्हणून लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या. धाकटा भाऊ जन्मापासून कर्णबधिर, आता ३१ वर्षांचा, मुंबईला प्रिंटिंग प्रेसमध्ये कामाला. त्याच्याशी बोलायच्या आमच्या घरच्या खुणा आहेत. कपाळावर बोट म्हणजे आई, मिशीला पीळ म्हणजे आजोबा (ते जाऊन १२ वर्षं झाली, खूण तीच), पंजा वळवळवला की मासे. मला आपलं वाटायचं आम्ही फर्स्टक्लास बोलतो त्याच्याशी. यंदा त्याचे दोन मित्र आले, तेही कर्णबधिर, आणि आरती आटपल्यावर माजघरात बल्बखाली तिघं जे सुरू झाले ते रात्री दोनपर्यंत. हसून हसून लोळत होते. भाऊ इतका विनोदी आहे हे मला ३१ वर्षांत कळलं नव्हतं. मी जाऊन विचारलं, काय झालं रे? तर त्याने हात हलवून खूण केली, "नंतर".

ती खूण आम्हीच शिकवलेली त्याला. पंगतीत सगळे हसले आणि त्याने विचारलं की आम्ही तेच करतो, नंतर सांगते.

माझं मत: घरातल्या खुणा हुकूम सोडायच्या कामाच्या. जेव, ये, आंघोळ कर, गाय बांध. "का" ला आमच्याकडे खूणच नाही. बाबा गेले तेव्हा तो विचारत राहिला आणि आम्ही नुसतं वर बोट दाखवत राहिलो. घरातल्या प्रत्येकाने भारतीय सांकेतिक भाषा (कर्णबधिर आपसात हातांनी बोलतात ती) शिकलीच पाहिजे, आणि न शिकणं हा शुद्ध आळस आहे. माझ्यासकट.

हापूसवाला:
ताई, भावना समजली पण आळस हा शब्द मागे घ्या. माझी आई ७६ वर्षांची, गुडघे गेलेत, तिने आता बोटं वळवायला शिकायचं? आमच्या वाडीत एक काका होते, पूर्ण बहिरे, शाळेचं तोंड पाहिलं नाही, पण अख्ख्या वाडीला त्यांच्या खुणा येत होत्या. माडावर चढायचे, बाजारात भाव करायचे, शिमग्यात पालखीही नाचवायचे. कुणाचं काही अडलं नाही.

वेंगुर्ल्याची_माहेरवाशीण:
@हापूसवाला काका काय काय करायचे ते तुम्ही सांगितलंत. ते काय म्हणायचे? एक तरी वाक्य आठवतं का त्यांचं?

रापणकर:
इंजिन चालू असला की होडयेर आमी सगळेच भैरे. हात वर केलो की जाळा सोड, मूठ दाखयली की थांब. काम होता. पण ह्या खरा की हातान आमका गजाली (गप्पा) मारूक जमणा नाय, गजाली किनाऱ्यार इल्यावरच.

दापोलीची_आई:
मी दुसऱ्या बाजूने बोलते आणि मला शिव्या पडणार हे माहीत आहे. माझा मुलगा ६ वर्षांचा, अडीच वर्षांचा असताना कॉक्लियर (ऐकू यावं म्हणून ऑपरेशन करून कानात बसवतात ते यंत्र) बसवलं, सरकारी योजनेतून झालं म्हणून तरी, नाहीतर आमची ऐपत नव्हती. नंतर दोन वर्षं आठवड्यातून दोनदा एसटीने थेरपीला, उलट्या करत जायचा बिचारा घाटात. थेरपीवाल्या बाईंनी पहिल्याच दिवशी सांगितलं, हात मांडीखाली ठेवून बोला, खुणा केल्यात तर तो बोलायचे कष्ट घेणार नाही. ऐकलं मी त्यांचं. आज तो मला आई म्हणतो, शाळेत कविता म्हणतो. जग बोलणाऱ्यांचं आहे, दुकानदार काही खुणा शिकणार नाही त्याच्यासाठी. मला याची लाज वगैरे अजिबात वाटत नाही.

पुस्तकी_किडा:
लाज वाटायचं कारणच नाही, मुलगा बोलतोय हे छानच. पण "खुणा केल्या तर बोलणार नाही" हे फार जुनं खूळ आहे हो. १८८० मध्ये इटलीत मिलानला कर्णबधिरांच्या शिक्षकांची परिषद भरली, तिथे ठराव झाला की शाळेत खुणा बंद, फक्त तोंडाने बोलणं. ठरवणारे जवळजवळ सगळे ऐकणारे. पुढे जगभर मुलांचे हात बांधण्यापर्यंत मजल गेली, आणि १३० वर्षांनी, २०१० ला, त्याच परिषदेने व्हँकुव्हरला जाहीर खेद व्यक्त केला. आणि कॉक्लियर म्हणजे कान बरा झाला असं नव्हे, बाहेरचं मशीन झोपताना, आंघोळीला काढलं की मूल परत बहिरंच.

दापोलीची_आई:
मिलान आमच्या एसटीच्या रूटवर लागत नाही हो. मला माझं पोर दिसतं.

पण मशीनचं म्हणालात ते... गेल्या जुलैत तीन दिवस लाईट नव्हती, मशीनची बॅटरी चार्ज होईना, आमच्या दमट हवेत त्याला सिलिकाच्या डबीत ठेवावं लागतं ते वेगळंच. दुसऱ्या रात्री तो घाबरून रडायला लागला आणि मला काही सांगता येईना. टॉर्चचा झोत स्वतःच्या तोंडावर मारून मी "आहे मी, आहे मी" म्हणत बसले. त्याला ते वाचता आलं का, देव जाणे. हे लिहायचं नव्हतं.

शांत_दर्या:
मी स्वतः कर्णबधिर. मालवण. मराठी लिहिणं माझं चुकतं, समजून घ्या. आमची भाषा विभक्ती नाही, प्रश्न शब्द शेवटी येतो.
ओठ वाचणं सोपं नाही. आरसा समोर उभे राहा, आवाज न करता बोला: बाबा. मामा. पापा. तिन्ही ओठ सारखे. क, ग घशात, दिसत नाही. मी अर्धं वाचतो, अर्धं अंदाज. संध्याकाळी डोकं दुखतं. कोरोना मास्क आला, सगळं बंद.
दापोली ताई, वाईट वाटू नका. मुलगा बोलू दे. खुणा पण दे. दोन्ही. लाईट गेली तर टॉर्च हातावर मारा, तोंडावर नाही.

हापूसवाला:
हे वाचून गप्प बसावंसं वाटतंय पण व्यवहाराचं विचारतो. शिकायचं कुठे? राजापुरात क्लास दाखवा एक. मुंबईत बांद्र्याला अली यावर जंग ही कर्णबधिरांसाठीची संस्था आहे म्हणे, तिथे काय रोज तुतारी एक्सप्रेसने जायचं? शाळेवाले म्हणतात घरी करा, घरचे म्हणतात शाळेत करा. त्यात आमच्या घरी मालवणी, पुस्तकात मराठी, आता ही तिसरी.

पुस्तकी_किडा:
दिल्लीची भारतीय सांकेतिक भाषा संशोधन आणि प्रशिक्षण केंद्र म्हणून संस्था आहे, २०१५ पासूनची. त्यांच्या डिक्शनरीत २०२१ ला १० हजार शब्द झाले, सगळे व्हिडिओ युट्यूबवर फुकट. नेट पुरतं तेवढं पुरे. गाबोळी नि कुळथाच्या पिठीसाठी घरची खूण चालू ठेवा की, कोण अडवतंय.

वेंगुर्ल्याची_माहेरवाशीण:
नुसते शब्द पाठ करून भागत नाही पण. मी महिनाभर व्हिडिओ बघून भावाला व्हिडिओ कॉलवर करून दाखवलं तर तो म्हणाला हात बरोबर, चेहरा मेलेला. भुवया वर केल्या नाहीत तर तो प्रश्न होतच नाही. आईला म्हटलं शिक, ती म्हणाली माझ्या लेकाचं मला सगळं कळतं. कळतं म्हणजे भूक लागली ते कळतं. आळस शब्द आईपुरता मागे घेते, बाकीच्यांसाठी नाही.

हापूसवाला:
म्हणजे माझ्यासाठी आहेच. बरं. मला अजून पटलेलं नाही की सगळ्यांनी शिकलं पाहिजे, घरातल्या एकाला आलं तरी भागतं, तो बाकीच्यांना सांगेल.

शांत_दर्या:
तो एक माझ्या घरी बहीण. तिचं लग्न झालं. आता?

हापूसवाला:
...याला उत्तर नाही माझ्याकडे. ताई, एक राहिलंच, त्या रात्री ते तिघे कशावर हसत होते ते भावाने सांगितलं की नाही शेवटी?

वेंगुर्ल्याची_माहेरवाशीण:
सांगितलं, चार दिवसांनी, व्हॉट्सॲपवर. मी त्याच्याशी खुणा करताना शेजारच्या वाडीत ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने ओरडते म्हणे, मान पुढे काढून. त्याची नक्कल चालली होती.