मदत हवी आहे: दुसरी-तिसरीच्या मुलांना सरकार कसं शिकवायचं?

प्रश्न (इंदिरानगर, नाशिक)
सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी तासभर तीस मुलं असतात, वय 7 ते 9. महापालिका, राज्य, केंद्र असा तक्ता करून झाला. पाठ झाला, पण नळाचं पाणी कोण देतं म्हटलं की उत्तर येतं "पंतप्रधान". खडू, कागद, स्केचपेन एवढंच साहित्य आहे. काय करू?

गोदाकाठ
तक्ता राहू द्या. जमिनीवर खडूने तीन मोठे गोल काढा: मनपा, महाराष्ट्र, भारत. चिठ्ठी उघडायची आणि पळत जाऊन बरोबर गोलात उभं राहायचं. घंटागाडी, नळ, सिटीलिंकची शहर बस मनपाच्या गोलात. एसटी आणि पोलीस राज्याच्या. पोस्ट, रेल्वे आणि नाशिकरोडचा नोटांचा छापखाना भारताच्या. सिटीलिंक आणि एसटी या दोन बसपाशी हमखास वाद होतो, तो होऊ द्या, धडा तिथेच आहे. 'रस्ता' मात्र चिठ्ठीत नको. गल्लीतला मनपाचा, मुंबई-आग्रा महामार्ग केंद्राचा. पहिल्याच दिवशी सगळा गुंता.

वाटीभर_चिंचोके
पुढच्या रविवारी कर, म्हणजे टॅक्स, शिकवा. प्रत्येकाला 10 चिंचोके द्या, त्यातले 2 मधल्या वाटीत. तीस मुलांचे 60 झाले. आता कामं: रस्ता 35, पाण्याची टाकी 30, बाग 25, दिवे 20. तीन कामं कशीही बसत नाहीत, आणि रस्ता-टाकी ही जोडी 5 चिंचोक्यांनी हुकते. खरी घासाघीस तिथे सुरू होते. वाटीत 110 ठेवलेत तर सगळंच मंजूर होतं आणि खेळ पाच मिनिटांत मरतो. कोणी चिंचोके द्यायला नकार दिला तर ओरडू नका, "मग बागेत खेळायचं का?" हे बाकीची मुलंच विचारतात.

गोदाकाठ
मतदान त्यानंतर. मॉनिटर निवडायला लावू नका, ज्याच्या वाढदिवसाला केक मोठा तोच निवडून येतो. प्रश्नावर मत घ्या: शेवटची 15 मिनिटं लंगडी की डबा ऐसपैस? चिठ्ठीवर शब्दांऐवजी चित्रं, आडोशाला खुणा, घडी घालून खोक्यात. डाव्या तर्जनीला स्केचपेनचा ठिपका. तो दोनदा मत देता येऊ नये म्हणून असतो, हे तेव्हाच सांगा. मोजणी सगळ्यांसमोर, पाच-पाचच्या रेघांनी. आणि जे जिंकेल ते लगेच खेळायचं. निकाल पुढच्या रविवारवर ढकललात तर मुलं मत देण्यात काही अर्थ नाही एवढंच शिकतात.

प्रश्नकर्ती
खूपच उपयोगी! महापौर आणि आयुक्तांमधला फरक सांगू का?

वाटीभर_चिंचोके
आपणहून नको. विचारलंच तर: महापौर नगरसेवकांनी आपल्यातून निवडलेला, आयुक्त राज्य सरकारने नेमलेला. मोठं कोण, हे विचारतीलच. तेव्हा एकाला आयुक्त करून वाटी त्याच्या हातात द्या आणि पाच जणांना नगरसेवक करून समोर बसवा. पाचातल्या तिघांनी हो म्हटल्याशिवाय वाटीतला चिंचोका उचलायचा नाही.