बाथरूमचं पाणी सावकाश जातंय? पावडर-ॲसिडशिवाय तुम्ही काय केलं ते सांगा

आंघोळ अर्धी होते न होते तोच पाणी घोट्यापर्यंत येतं, फेस जाळीवर तरंगत राहतो, आणि शॉवर बंद केल्यावर बऱ्याच वेळाने घळघळ आवाज करत सगळं उतरतं. नागपुरात ज्या घरी जावं तिथे ही तक्रार ऐकू येते. उपाय म्हणून बहुतेक जण दुकानातून पावडर नाहीतर ॲसिडची बाटली आणतात. आमच्या ओळखीच्या एका घरी पावडर टाकलेलं उकळतं पाणी उसळून बाईंच्या पायाला फोड आले. तेव्हापासून हा विषय डोक्यात आहे. रसायन न वापरता पाणी मोकळं केलेले लोक आपल्यात भरपूर असणार. घर जुनं की नवं, पाणी नळाचं की बोअरचं, हात कुठवर गेला आणि आतून नेमकं काय निघालं, हे सगळं सविस्तर लिहा. त्यातूनच दुसऱ्याला आपल्या घराचा अंदाज येतो.

मनीषनगर, फ्लॅट, बोअरचं पाणी

माझ्या दोन्ही मुलींचे केस कमरेपर्यंत आहेत, त्यामुळे हे काम आमच्याकडे नेहमीचं. मी काहीही ओतायच्या आधी जाळी उघडते. दोन स्क्रू असतात, ते गंजलेले असले तर खोबरेल तेलाचे थेंब सोडून थोडा वेळ थांबायचं. जाळीखाली नहाणी ट्रॅप, म्हणजे थोडं पाणी धरून ठेवणारं भांडं, असतो आणि त्यात बहुतेकदा एक उलटी वाटी बसवलेली असते. ती फिरवून वर उचलली की खरा माल दिसतो. केस वाटीच्या कडेला गुंडाळलेले असतात आणि त्यांवर सायीसारखा पांढरट-राखाडी थर धरलेला असतो. हातमोजे घालून तो गोळा हळूहळू, न तोडता ओढायचा. मध्येच तुटला तर उरलेला भाग खाली सरकतो आणि मग हात पोचत नाही.

हाताच्या पलीकडचं काढायला प्लास्टिकची काटेरी पट्टी मिळते. ती आत सरकवायची, थोडी फिरवायची आणि सावकाश बाहेर घ्यायची. शेवटी बादलीभर पाणी एकदम ओतते. जाळी न लावता ओतलेलं पाणी भुर्रकन गेलं, तर खालचा पाइप साफ आहे असं समजते. आणखी एक सांगते, वाटी घासून परत बसवायला विसरू नका, नाहीतर झुरळं आणि वास थेट घरात.

महाल, जुनं घर

आमच्याकडे बिडाचे पाइप आहेत, वडिलांच्या काळचे. आतून गंजून खडबडीत झालेत, त्यामुळे केस अडकायला जागाच जागा. आमचं हत्यार म्हणजे स्कूटरच्या ब्रेकची जुनी वायर. टोक पकडीने वाकवून बारीक आकडा करायचा, पण तो पूर्ण मिटवून गोल करायचा. टोकदार राहिला तर आत फसतो.

वायर ढकलताना हाताला कळतं. कडक अडलं तर ते वळण आहे, तिथे जोर न लावता फिरवत फिरवत पुढे न्यायची. मऊ लागलं, दाबलं की थोडं आत जातंय आणि सोडलं की परत येतंय, तर तोच बोळा. तिथे एकाच दिशेने फिरवत राहायचं म्हणजे केस आकड्याला गुंडाळतात, आणि मग ओढायचं. ज्यांना वायरचा जुगाड नको त्यांना हार्डवेअरच्या दुकानात तयार स्प्रिंग मिळते, आमच्या भागातले लोक इतवारीत लोहा ओळीत जाऊन आणतात.

धरमपेठ, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षिका

खायचा सोडा आणि व्हिनेगर सगळेच सुचवतात, म्हणून लिहिते. दोन्ही एकत्र आले की कार्बन डायऑक्साइडचा फेस येतो आणि मागे उरतं ते सोडियम ॲसिटेटचं पाणी. फेस पाहून समाधान वाटतं, पण केस केरॅटिन नावाच्या प्रथिनाचे असतात आणि त्यांना या मिश्रणाने काहीही होत नाही. बुळबुळीत थर थोडा सैल होतो आणि वास कमी होतो, तेवढाच फायदा. त्यामुळे केस काढल्यानंतर करा, आधी नको.

तो पांढरा थर कुठून येतो तेही समजून घ्या. जड पाण्यातले कॅल्शियम आणि मॅग्नेशियम साबणाशी संयोग पावतात आणि न विरघळणारा चिकट साका तयार होतो. तो केसांना धरतो आणि पाइपच्या भिंतीलाही. अंगाला साबणाची वडी लावणाऱ्या घरात, त्यातही बोअरचं पाणी असेल तर, तो जास्त साचतो.

गरम पाण्याने थर सुटायला मदत होते, मात्र उकळतं पाणी ओतू नका. घरातले पांढरे-राखाडी पाइप पीव्हीसीचे असतात, आणि साधारण 60 अंशांच्या पुढे ते मऊ पडू लागतात, सांधे ढिले होतात. हात जेमतेम लावता येईल इतकं गरम पुरे. आणि कळकळीने सांगते, टॉयलेट साफ करायचं ॲसिड आणि ब्लीचिंग कधीही एका जाळीत जाऊ देऊ नका. त्यातून क्लोरीन वायू निघतो, आणि बंद बाथरूममध्ये तो जिवावर बेतू शकतो.

नरेंद्रनगर

आमचा बोळा केसांचा नव्हताच. एप्रिलमध्ये कूलर काढला, जुन्या ताट्या बाथरूममध्ये धुतल्या, आणि त्यातलं गवत जाळीतून खाली गेलं. वाकवलेल्या तारेने ओढून काढलं. आता ताट्या अंगणात धुतो.

सक्करदरा, प्लंबिंगचं काम

मनीषनगरच्या ताईंनी जाळी पहिले उघडायचं लिहिलं ते एकदम बरोबर आहे. लोक पहिले पावडर टाकून देतात आणि मंग आम्हाले बोलावतात. आम्ही त्याच पाण्यात हात घालतो, हात भाजतो, डोळ्यात उडालं तर डोळा जाते. काही टाकलं असंन तर आल्या आल्या सांगत जा भाऊ, लपवू नका.

रबरी पंप मारायचा असंन तर असा मारा. जाळी काढा, वाटी काढा. रबर बुडंल इतकं पाणी वर राहू द्या, कोरड्यावर मारून काहीच होत नाही. बाथरूममधल्या दुसऱ्या जाळीत, वॉश बेसिनचा पाइप त्याच ट्रॅपमध्ये सोडला असंन तर त्याच्या तोंडात, ओली फडकी घट्ट कोंबा. नाहीतर तुमचा सगळा जोर तिकडून निघून जाते. आता हळू दाबा आणि झटक्यात वर ओढा. काम ओढण्यानं होते, दाबण्यानं बोळा अजून खाली बसते.

एकच जाळी सावकाश जाऊन राहिली असंन तर गडबड तिथंच, दोन-तीन हातांच्या आत. बाथरूम, किचन, संडास सगळंच एका टायमाले तुंबून राहिलं असंन तर खाली चेंबर भरलेला आहे, वरून कितीही पंप मारा. चेंबरचं झाकण उघडून बाहेरून बांबूच्या पट्ट्या नाहीतर मशीन लावतात. माणूस आत उतरवू नका, कोणी स्वतःहून तयार झाला तरी नाही. आतल्या वायूनं माणसं मरतात, आणि 2013 च्या कायद्यानं गटारात-सेप्टिक टँकमध्ये असं धोक्याचं काम करवून घ्यायला बंदी आहे.

प्रतापनगर

दिवाळीच्या अभ्यंगाला उटणं आणि बेसन सगळेच लावतात. ते पाण्याने फुगतं आणि आधीच्या केसांवर जाऊन बसतं. त्या चार दिवसांत मी जाळीवर जुन्या मच्छरदाणीचा तुकडा अंथरते आणि आंघोळीनंतर उचलून कुंडीत झटकते. तेल मात्र त्या तुकड्यात अडत नाही, ते गरम पाण्याने पुढे ढकलावंच लागतं.

जरीपटका

साफ केल्यावर वास वाढला असं कुणाला वाटत असेल तर ट्रॅपमधलं पाणी बघा. ट्रॅपमध्ये साधारण 50 मिलिमीटर पाणी कायम साचून राहायला हवं, तेच गटारातली हवा अडवतं. मे महिन्यात घर बंद करून गावाला गेलं की नागपुरी उन्हात ते आटून जातं. आम्ही निघताना प्रत्येक जाळीत तांब्याभर पाणी आणि वर चमचाभर खाद्यतेल घालतो. तेलाच्या थरामुळे पाणी लवकर उडत नाही.

बेसा, भाड्याचं घर

सगळं वाचलं. आमची अडचण वेगळी आहे, जाळी पांढऱ्या सिमेंटने फरशीत पक्की केली आहे, स्क्रूच नाहीत. मालक काकांना विचारल्याशिवाय फोडता येत नाही. काय करू?

सक्करदरा, प्लंबिंगचं काम

ताई, भोकातून जाईल अशी बारीक काटेरी पट्टी पहिले घालून पाहा, बरेच केस तेवढ्यानंच निघतात. नाही निघाले तर काकांना म्हणा, छिन्नीनं फक्त कडेचं पांढरं सिमेंट काढायचं आहे, फरशीले हात लागत नाही. मंग फ्रेम पक्की आणि मधली जाळी उचलता येते अशी स्टीलची बसवून घ्या. घेताना खालच्या ट्रॅपचं तोंड मोजून न्या, चार इंची आणि पाच इंची दोन्ही असतात.