हर्लीने चारशे काचा फोडल्या, त्या का?

माळ्यावरची_पेटी:
आजोबांचा फोटो स्टुडिओ होता. माळा आवरताना काचेच्या निगेटिव्हची पेटी सापडली. ७२ काचा. एकट्याने खाली उतरवली, खांदा अजून धरलाय. बायको म्हणते, यात ओळखीचं एकही तोंड नाही, कशाला ठेवायच्या? अशातच शॅकल्टनच्या अंटार्क्टिक मोहिमेतल्या ‘एन्ड्युरन्स’ जहाजावरचा फोटोग्राफर फ्रँक हर्ली याच्याबद्दल वाचलं. नोव्हेंबर १९१५ मध्ये हा बहाद्दर मोडलेल्या जहाजात उघड्या अंगाने बर्फाळ पाण्यात उतरला आणि निगेटिव्हचे डबे वर काढले. आठवड्याभरात त्यातल्याच सुमारे ४०० फोडल्या! तिथेच ठेवून निघाला असता. फोडायच्या कशाला?

जुना_हायपो:
ठेवल्या असत्या तर रात्री जाऊन परत उचलून आणल्या असत्या, म्हणून. मी बावीस वर्षं डार्करूममध्ये काढली आहेत, ही खोड मला माहीत आहे. नको असलेली निगेटिव्हसुद्धा हातातून सुटत नाही.

तेव्हाची परिस्थिती बघा. जहाज जानेवारीपासून अंटार्क्टिकाजवळच्या वेडेल समुद्राच्या बर्फात अडकलेलं, २७ ऑक्टोबरला सोडून द्यावं लागलं. २८ माणसं तरंगत्या बर्फावर तंबूत. होड्या ओढत न्यायच्या, म्हणून माणशी खासगी सामान दोन पौंड, म्हणजे किलोभरही नाही. शॅकल्टनने स्वतःची सोन्याची नाणी बर्फात टाकली. (मोहिमेतल्या हसीचा बँजो मात्र घेतला. त्या बँजोला शॅकल्टन औषध म्हणायचा.) अशात शंभरावर काचा कशा चालल्या? कारण मोहिमेच्या फोटो-फिल्मचे हक्क आधीच विकून पैसा उभा केलेला. ते कर्ज होतं हो. ९ नोव्हेंबरला हर्ली आणि शॅकल्टन बर्फावर बसले, एकेक काच उजेडात धरली. ठेवायची ती एकीकडे, नको ती तिथल्या तिथे फोडायची. सुमारे १२० उरल्या, त्या डब्यात घालून डबा पुन्हा झाळून बंद केला. कॅमेरेही टाकले. एक खिशातला छोटा कोडॅक आणि तीन रोल, एवढ्यावर पुढचे नऊ-दहा महिने.

आणि या काचा धुतल्या कशा, ते कुणी विचारत नाही. बाहेर उणे पंचवीस सेल्सियस. टाकीतलं पाणी सतत कोमट ठेवायचं, नाहीतर प्लेट बर्फाच्या लादीत बसलीच म्हणून समजा. आमच्याकडे डिसेंबरात डेव्हलपर, म्हणजे फोटो उमटवायचं रसायन, जरा थंड झाला की मी कुरकुरायचो. आता लाज वाटते.

शंकेखोर:
माणूस धाडसी, कबूल. पण त्याच्या फोटोंवर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. पुढे होड्यांतून गाठलेल्या एलिफंट बेटाच्या किनाऱ्यावर लोक हात हलवताहेत, तो प्रसिद्ध फोटो ‘सुटका’ म्हणून दाखवला गेला. मुळात तो २४ एप्रिल १९१६ चा, शॅकल्टन ‘जेम्स केअर्ड’ होडीतून मदत आणायला निघाला त्या दिवसाचा. सुटका झाली ३० ऑगस्टला, चिलीच्या ‘येल्चो’ बोटीने. मागे राहिलेले २२ जण चार महिने उलट्या होड्यांखाली राहिले. निरोपाला सुटका म्हणायचं, ही फोटोग्राफी नव्हे.

जुना_हायपो:
शंकेखोरराव, बरोबर आहे, मलाही ते खटकतं. पण २७ ऑगस्ट १९१५ चा रात्रीचा फोटो बघा. अंधारात वीसेक फ्लॅश वेगवेगळ्या जागी उडवून सगळं जहाज उजळवलंय. फ्लॅशच्या उजेडाने डोळे दिपलेले, हर्ली बर्फाच्या ढिगांत धडपडत होता. जहाज मात्र खरंच तिथे उभं होतं. ती काच त्याने फोडली नाही.

माळ्यावरची_पेटी:
काल रात्री मोबाइलचा पांढरा पडदा मागे धरून अकरा काचा बघितल्या. सातव्या काचेत एक मुलगा स्टुलावर बसलाय, आणि त्याला खालून धरलेला एक हात दिसतो, बाकी बाई पडद्यामागे. बायकोलाही दाखवली. ती पेटी आता पलंगाखाली आहे. पण दोन काचा एकमेकींना चिकटल्या आहेत. पाण्यात घालू का?

जुना_हायपो:
अजिबात नको! ओढूही नका. तशाच कागदात गुंडाळून बाजूला ठेवा. बाकीच्या आडव्या रचू नका, उभ्या ठेवा. आणि दुसरी पेटी असेल तर दोघांनी उतरवा.